मांडीवरचं रिव्हॉल्व्हर

आमचं घर म्हणजे फोटो स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्या. रस्त्याला लागून काचेचं शोकेस आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं टाकलेली बाहेरची खोली, तिच्या आत फोटो काढायची खोली, बाजूला डार्करूम, आणि मग एक जाड निळा पडदा. पडद्याच्या अलीकडं रसायनांचा आंबूस वास, पलीकडं आईच्या फोडणीचा. रविवारी आई विहारातून आली की सुकट भाजायला घ्यायची. तेव्हा दोन्ही वास एक व्हायचे आणि पासपोर्टच्या फोटोला बसलेलं गिऱ्हाईक नाक वर करून इकडंतिकडं बघायला लागायचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "हां, अशीच मान वर राहू द्या," आणि तेवढ्यात बटण दाबायचे. दिवसभर कानावर एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट यायची, आणि त्याखाली न थांबणारा एक बारीक आवाज असायचा, फोटो धुवायच्या टाकीत पडणाऱ्या पाण्याच्या धारेचा. ती धार थांबली की मला झोपेतसुद्धा कळायचं.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची ड्यूटी रात्रीची असली की स्वयंपाक आण्णांकडं, आणि आण्णांना पिठलं सोडून काही येत नव्हतं. ते पिठलंही ते डार्करूमच्या सवयीनं करायचे, मधेमधे घड्याळाकडं बघत. आई बोलायला कमी आणि बोलली की तोडून. संध्याकाळी दिवा लावून ती पंचशील म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी ते अक्षरशः पाळायची. लग्नाचा अल्बम वेळेत झाला नाही की आण्णा डार्करूममध्ये दडायचे आणि आईला सांगायचे, नाहीत म्हणून सांग. आई बाहेर जाऊन सांगायची, "आत आहेत, पण आज बाहेर येणार नाहीत." गिऱ्हाईक हसून परत जायचं. आण्णा मात्र नंतर तासभर तिच्याशी बोलायचे नाहीत.

त्या काळात लोक फोटो काढून घ्यायला यायचे ते स्वतःपेक्षा वेगळं दिसायला. आता हे कुणाला समजावून सांगावं लागतं. हुपरीच्या चांदीच्या कारखान्यांतली पोरं सुट्टीदिवशी एसटीनं यायची. पैंजण घासून घासून त्यांची बोटं काळी पडलेली असायची, म्हणून आमचा कोट अंगात घातला की पहिल्यांदा हात खिशात लपवायची. राधानगरीकडची, शाहूवाडीकडची पोरं गॉगल मागायची. कोट, दोन टाय, गॉगल, बंद पडलेला टेलिफोन आणि बागेचा रंगवलेला पडदा एवढी आमची इस्टेट. शिवाय एक प्लॅस्टिकचं पिस्तूल होतं. मूळचं हिरवं, आण्णांनी काळं रंगवलेलं. उन्हाळ्यात त्याचा रंग हाताला लागायचा. ते हातात घेतलं की पोरं हसायची, बरोबर आलेले दोस्त तर मोठ्यानं हसायचे, आणि फोटोत दात दिसायचे. पुढच्या चौकातल्या स्टुडिओवाल्यानं खरी मोटरसायकल आत आणून उभी केली तेव्हा आमची पोरं तिकडं वळायला लागली. आण्णांनी ठरवलं, आपण पिस्तूल तरी असं आणायचं की हातात धरल्यावर कुणी हसणार नाही.

आईला ते पटलं नाही. हत्यारांनी काय होतं ते मी रोज दवाखान्यात बघते, तेच घरात कशाला, असं तिचं म्हणणं होतं. आण्णा म्हणाले, खोटंच आणणार आहे. आई म्हणाली, खोटं आणायचं तर खोटं दिसणारं आणा, खऱ्यासारखं दिसणारं खोटं कशाला? शेवटी तडजोड झाली. वस्तू पडद्याच्या पलीकडं, म्हणजे घरात, कधी येणार नाही. आईनं "बघा तुमचं तुम्ही" म्हटलं आणि भाकरी थापायला बसली. आमच्या घरात ती परवानगी समजली जायची.

मंगळवार पेठेत बापू म्हणून एक म्हातारे गृहस्थ राहायचे. कोल्हापुरात शूटिंगं जोरात होती तेव्हा ते सिनेमावाल्यांना तलवारी, ढाली, बंदुका पुरवायचे. मग शूटिंगं मुंबईला गेली आणि बापूंच्या माळ्यावर सामान राहिलं. ते एकेक विकायला काढलं होतं. आण्णा मला बरोबर घेऊन गेले. मी तेव्हा अकरावीत होते आणि डार्करूममधलं काम मला आण्णांइतकंच येत होतं. बापूंनी पलंगावर गोधडी पसरली आणि तीन वस्तू मांडल्या.

पहिलं ॲल्युमिनियमचं होतं, आतून पोकळ, उचलल्यावर चमचा उचलल्यासारखं वाटलं. दुसरं चांदीसारखं चकचकीत, मुठीवर उड्या मारणारा घोडा कोरलेला. बापू त्याचं कौतुक करत होते, कारण तेच त्यांना विकायचं होतं. तिसरं त्यांनी फडक्यातून सोडवलं. लांब नळीचं, काळपट पोलादाचं, अक्रोडाच्या लाकडाची साधी मूठ असलेलं. गावाकडच्या एका इनामदाराकडं आजोबांच्या वेळचं खरं रिव्हॉल्व्हर होतं. बापूंनी तरुणपणी ते चार दिवस मागून आणलं होतं आणि त्याच्यावरून साचा घेऊन हे ओतलं होतं. वजन तेवढंच, लांबी तेवढीच, स्क्रूसुद्धा जागच्या जागी. फक्त नळीत शिसं ओतून ती कायमची बुजवलेली आणि गोळ्यांची भोकं आरपार न गेलेली. बापूंनी ते चालवायची रीत दाखवली. मागच्या बाजूला वाकडा खटका असतो, त्याला घोडा म्हणतात, तो अंगठ्यानं मागं ओढून बसवायचा, मगच चाप. "ह्येचा चाप नुस्ता वडून काय हुत न्हाय," ते म्हणाले. "दर गोळीला पयला घोडा, मग चाप. नंतरची आली ती एका बोटाची. ह्ये जुन्या चालीचं."

त्यांनी घोडा मागं ओढला. कुलपात किल्ली फिरावी तसा एकामागून एक कट् कट् आवाज झाला आणि चक्र एक घर फिरून थांबलं.

आण्णांचा कल चकचकीतकडं होता. शोकेसमध्ये लांबून दिसेल, म्हणाले. मी म्हटलं, फ्लॅश पडला की ते सगळं पांढरं जळून जाईल, हातात काय आहे ते कळणारच नाही. आण्णा फोटोग्राफर होते, त्यांना हे माझ्याआधी सुचायला हवं होतं, पण चमकणाऱ्या वस्तूचा मोह कुणालाही पडतो. त्यांनी खांद्याच्या पिशवीतून कॅमेरा काढला आणि मला खिडकीजवळ उभं करून तिन्ही एकेक करून हातात धरायला लावलं. फोटो काढला नाही, नुसतं बघितलं. पहिलं धरलं तेव्हा म्हणाले, तू आगाऊ दिसतेस. दुसरं धरलं तेव्हा म्हणाले, गॅदरिंगमधली वाटतेस. तिसरं हातात घेतलं तर वजनानं माझं मनगट खाली गेलं. मी ते सावरायला कोपर अंगाशी घेतलं, आणि त्याबरोबर खांदे आपोआप सरळ झाले. आण्णा बराच वेळ कॅमेऱ्यातून बघत राहिले. मग बापूंना म्हणाले, हे गुंडाळा.

बापूंना ते द्यायचं जिवावर आलं होतं. दारापर्यंत आले आणि दर महिन्याला तेलाचा हात फिरवा, घोडा उगाच आपटू नका असं दोनदोनदा बजावून सांगत राहिले. मुलगी सासरी पाठवताना सांगतात तसं.

ते आल्यावर आमचे दिवस फिरले. पोरं हसायची थांबली. जड वस्तू हातात आली की माणूस गप्प होतो, हे मी बाहेरच्या खोलीत बसून कितीतरी वेळा बघितलं. हुपरीची पोरं खिशातून हात काढायला लागली. चौकातल्या हवालदारांनी पहिल्याच आठवड्यात ते उलटंसुलटं करून बघितलं, नळीतलं शिसं बघून समाधान करून घेतलं आणि मग स्वतःचाच फोटो काढून घेतला. शोकेसमध्ये रिव्हॉल्व्हर घेतलेल्या पोरांची एक आख्खी ओळ लागली. आई येताजाता त्या ओळीकडं बघायची नाही. आण्णा रोज रात्री वस्तू फडक्यात गुंडाळून डार्करूममधल्या टेबलाखालच्या ट्रंकेत ठेवायचे. ती पडद्याच्या अलीकडंच राहिली.

एका दुपारी आण्णा लग्नाच्या ऑर्डरला गेले होते, आई ड्यूटीवर, आणि स्टुडिओत मी एकटी होते. दोन बाया आल्या. एक चाळिशीची, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली, कपाळ मोकळं. तिच्या हाताला धरून दुसरी, फार म्हातारी, डोळ्यांत दुधासारखी पांढरी साय आलेली. म्हातारीला तिनं बाकड्यावर बसवलं, तिचा पदर नीट केला आणि मग शोकेसपुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं, पासपोर्ट काढायचा असेल. ती त्या ओळीतला एकेक फोटो बघत होती.

"ते खरं हाय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"दिसतंय तर खरं."

मी म्हटलं, हो, दिसतं.

"मग मला त्ये घिऊन एक फोटू काढ. मोठा. सोप्यात लावायसारखा."

मी जरा वेळ तिच्याकडं बघत राहिले असणार. तिनं बसून सांगितलं, भांडण सांगावं तसं नव्हे, हिशेब सांगावा तसं. तिचं नाव रत्नाबाई, सगळे रत्नाक्का म्हणायचे. राधानगरीच्या वाटेवरचं गाव. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ही म्हातारी तिची सासू. नवऱ्याचा धाकटा भाऊ मारुती, त्याला वहिनीच्या वाट्याची जमीन पाहिजे होती. आधी त्यानं बांध कोरायला सुरुवात केली. मग भातात म्हशी सोडल्या. आता रात्री कौलांवर दगड पडत होते. म्हातारी मारुतीचीच आई, पण ती थोरल्या सुनेजवळ राहिली होती, म्हणून दगड टाकणारा हात कधीकधी थांबायचा, कधीकधी थांबायचा नाही. म्हातारीचे डोळे दाखवायला दोघी दवाखान्यात आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, उशीर झाला.

"पोलिसांत गेलता?" मी विचारलं.

"दोनदा. दगडावर नाव लिवलेलं न्हाय, म्हनाले."

बाकड्यावरची म्हातारी डोकं भिंतीला टेकून बसली होती. झोपली आहे असं मला वाटलं.

मी बागेचा पडदा सोडायला गेले तर रत्नाक्का म्हणाली, त्यो नको, त्यो बघितला की स्टुडिओ कळतोय. मग मी पडदा गुंडाळला आणि मागची राखाडी भिंत तशीच ठेवली. कोच बाजूला सारून आमच्या स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली. तोपर्यंत मी एकटीनं फक्त पासपोर्ट काढले होते. रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं. पोरं ते कॅमेऱ्यावर रोखायची, नाहीतर गालाजवळ धरायची. तिनं यातलं काही केलं नाही. ती ताठ बसली, डोक्यावरून पदर घेतला, वस्तू मांडीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर उजवा पंजा टाकला. दारात बसून मांजराच्या पाठीवर हात ठेवावा इतकं ते सहज होतं. मी दिवे एका बाजूनं दिले. ती हसली नाही, रागातही दिसली नाही. मी एकच फोटो काढला. दुसरा काढावासा वाटला नाही.

रात्री आण्णांबरोबर तो कागदावर उतरवला. डार्करूमच्या लाल दिव्यात पांढऱ्या कागदावर आधी पदराची कड आली, मग डोळे, मग तो पंजा आणि सगळ्यात शेवटी पंजाखालचं काळं पोलाद. आण्णांनी विचारलं, कोण ही? मी सांगितलं. त्यांनी कागद चिमट्यानं वर धरून पाणी निथळू दिलं आणि म्हणाले, ह्याला चांगली चौकट घालू. आजही मला कुणी विचारलं की तुमचा पहिला फोटो कोणता, तर मी तोच सांगते. त्यानंतर पुष्कळ काढले, काही छापूनही आले, पण हातात कॅमेरा घेताना आपण नेमकं काय करतो आहोत हे इतकं स्पष्ट मला क्वचितच कळलं.

पावसाळा गेला. भातं कापणीला आली असतील, तेव्हा रत्नाक्का एकटीच आली, हातात डबा. गाय व्यायली होती, तिच्या चिकाचा खरवस आणला होता, वर वेलदोडा आणि गूळ. आई त्या दिवशी घरी होती. तिनं चहा टाकला. आईला एक सवय होती, आमच्याकडं पहिल्यांदा आलेलं माणूस चहाच्या कपाला हात लावतं की नाही हे ती न बोलता बघायची. रत्नाक्कानं बशीत ओतून चहा घेतला, कप रिकामा केला आणि दुसरा मागितला. आई चुलीकडं वळली तेव्हा तिचा चेहरा सैल झाला होता.

दगड थांबले होते. रत्नाक्कानं फोटो सोप्यात, दारातून समोर दिसेल असा लावला होता. दूध घालायला, उसाची तोड विचारायला, कशाला ना कशाला गावातलं माणूस यायचं आणि बघून जायचं. कुणी विचारलं, आक्का, हे तुझं हाय? तर ती एवढंच म्हणायची, "हाय." फोटो तिचाच होता, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. हे ऐकून आई पहिल्यांदा हसली. तो खरवस आम्ही तिघांनी दोन दिवस पुरवून खाल्ला. खरवस मी नंतर खूप ठिकाणी खाल्ला आहे, पाकिटातला दुधाच्या पावडरीचासुद्धा. तशी जाळी कुठं पडत नाही.

मला खरं सांगायचं आहे ते यानंतरचं. थंडीचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमाराला स्टुडिओपुढं पोलिसांची जीप थांबली. त्यातून तालुक्याचे फौजदार उतरले. काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांच्यामागून एक माणूस उतरला, धोतर, टोपी, चेहरा म्हातारीसारखाच, म्हणजे गालाची हाडं वर आलेली. तो मारुती असणार हे मला सांगावं लागलं नाही. त्यानं तक्रार दिली होती की वहिनीकडं बेकायदा हत्यार आहे. फौजदारांनी रत्नाक्काला विचारलं तर ती म्हणाली, फोटोवाल्यास्नी इचारा. चौकटीच्या पाठीमागं आमचा शिक्का होता.

फौजदारांनी पोतं सोडून चौकट काउंटरवर ठेवली. "फोटो तुमच्याकडचा?"

आण्णा म्हणाले, होय.

"काढला कुणी?"

"मी," मी म्हटलं.

"यातलं हत्यार कुणाचं?"

आण्णांनी दाराकडं बघितलं. मारुती उंबऱ्यावर उभा होता, कान इकडं लावून. येताना त्याची नजर फौजदारांच्या काखेतल्या पोत्यावर होती आणि आता त्याची पाठ शोकेसकडं होती. शोकेसमध्ये ती आख्खी ओळ, प्रत्येक पोराच्या हातात तेच रिव्हॉल्व्हर. तो नुसता मागं वळला असता तरी सगळं संपलं असतं. मी काउंटरमागून बाहेर आले आणि काही तरी पुसायचं निमित्त करून शोकेसपुढं उभी राहिले. आण्णांना खोटं बोलता येत होतं, गिऱ्हाइकांशी ते सर्रास बोलायचे. पण पोलिसांशी खोटं बोललं तर दुकान जाईल आणि खरं बोललं तर रत्नाक्काची कौलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते म्हणाले, "साहेब, जरा आत येता का?"

डार्करूममध्ये ते गेले. मागच्या पडद्यातून आई आली, रात्रपाळी करून नुकतीच आंघोळ केलेली, केस ओले. तीही आत गेली. दार अर्धं उघडं होतं, मला शोकेसपासून आतलं ऐकू येत होतं. आण्णांनी ट्रंक ओढली. घोडा मागं ओढल्याचा आवाज आला. मग फौजदारांनी नळीत बॅटरी मारून बघितली असावी, कारण ते हसले. या डबड्यापायी एवढ्या लांबून जीप काढून आलो, असं काहीसं म्हणाले आणि बाहेर निघाले.

तेव्हा आईनं विचारलं, "साहेब, बाहेर जाऊन त्याला काय सांगणार?"

"काय म्हणजे? खोटं आहे म्हणून सांगणार."

"त्याची तक्रार काय होती?"

"बाईकडं बेकायदा हत्यार आहे."

"मग बेकायदा काही नाही, एवढंच सांगा. तेही खरंच आहे."

फौजदारांची पावलं दाराशी थांबली. मग आई पुन्हा बोलली, आवाज न चढवता. "मी दवाखान्यात नर्स आहे. डोकं फुटलेल्या बायका येतात, त्यांना मी टाके घालताना धरते. मग तुमची माणसं जबाब घ्यायला येतात. दर वेळी मग येतात. हिच्या घरावरचे दगड आत्ता थांबलेत, कुणाचं डोकं फुटायच्या आधी. खरं तेवढं बोला साहेब, पण सगळं बोलू नका."

फौजदार काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ते बाहेर आले तेव्हा हसत नव्हते. मारुतीपुढं उभे राहून त्यांनी टोपी घातली. "मी चौकशी केली. बेकायदा काही नाही."

"म्हंजे लायसन हाय?" मारुतीनं विचारलं.

"मी काय म्हणालो ते ऐकलंस ना? परत तक्रार घेऊन आलास तर चौकशी तुझ्या बांधापासून सुरू करीन. बस गाडीत."

मारुती बसला. फौजदार चौकट घ्यायला परत आत आले आणि माझ्या खांद्यावरून त्यांची नजर शोकेसवर गेली. त्यांनी ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. मग आण्णांना हळू आवाजात म्हणाले, "हे आजच्या आज काढा. आणि ते डबडं परत कुणाच्या हातात देऊ नका. त्याचे लोक कोल्हापूरला येतात."

जीप गेल्यावर आण्णा बाकड्यावर बसले. आईनं त्यांना पाणी दिलं. त्यांचा चांगला चाललेला धंदा तिच्या एका वाक्यानं बंद झाला होता, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, कळतंय मला. एवढंच. दुपारी दोघांनी मिळून शोकेसमधली ओळ काढली. पोरं येऊन विचारायची, तेव्हा आण्णा म्हणायचे, मोडलं. पोरं पुढच्या चौकात मोटरसायकलवर बसायला जायची. वर्षभर आमचं बरंच ओढगस्तीत गेलं. मग आण्णांनी व्हिडिओ शूटिंग शिकून घेतलं, लग्नं मिळायला लागली, मी कॉलेज करून स्टुडिओ बघायला लागले. पुढं डिजिटल आलं आणि डार्करूममध्ये आम्ही पाण्याची मोटर बसवली.

डार्करूम अजून चालू होती त्या दिवसांतली ही शेवटची गोष्ट. रत्नाक्का सासूला घेऊन आली. म्हातारी आता अगदीच थकली होती, बोलताना मधेमधे थांबायची. आपला एक फोटो असावा, मेल्यावर हार घालायला काहीतरी पाहिजे, असं तिचंच म्हणणं होतं. मी तिला त्याच लाकडी खुर्चीवर बसवलं. दिवे लावता लावता मी रत्नाक्काला विचारलं, आता कसं आहे? ती म्हणाली, बरं हाय, आता बांधाच्या वाटंला जात न्हाय. मला आतून जरा अभिमान वाटला. वस्तू मी निवडली होती, भिंत मी ठेवली होती, प्रकाश मी दिला होता. वस्तू इतकी हुबेहूब नसती तर मारुतीसारखा माणूस भ्याला नसता, असं मी इतके महिने मनाशी धरून चालले होते, आणि तसं मी बोलूनही गेले.

म्हातारीनं मान आवाजाच्या दिशेनं वळवली. "त्यो कुठला भितोय फोटूला," ती म्हणाली. "फोटू लागला तवा माज्याकडं आलता. आई, खरं हाय का त्ये, म्हनून. म्हनलं, आंधळीला काय इचारतोस? तर म्हनला, हाताला लागलं आसंल की तुझ्या."

रत्नाक्का सासूकडं बघत राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं.

"मग काय सांगितलं?" मी विचारलं.

"म्हनलं, लागलंय. गार हाय. आनि लई जड हाय, मला दोनी हातानं उचलत न्हाय."

म्हणजे त्या दुपारी बाकड्यावर भिंतीला डोकं टेकून बसलेली ती झोपली नव्हती. खरं की खोटं ते तिनं माझ्याच तोंडून ऐकलं होतं. पोटच्या पोराला तिनं हे सांगितलं होतं आणि इतके दिवस सुनेलाही त्यातलं काही कळू दिलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बघू तरी, कसलं हाय त्ये."

मी डार्करूममध्ये जाऊन ट्रंक उघडली. आण्णा अजून दर महिन्याला त्याला तेल लावत होते. फडकं सोडून मी ते तिच्या दोन्ही तळव्यांवर ठेवलं. तिनं नळीवरून बोटं फिरवली, मूठ चाचपली, चक्राच्या खाचा एकेक करून मोजल्यासारख्या दाबल्या. मग एका हातानं ते उचलून खालीवर करून बघितलं, बाजारात भाजीच्या वजनाचा अंदाज घ्यावा तसं.

"येवढंच व्हय?" ती म्हणाली. "मी लई जड सांगितलं की गं त्येला."

तिनं ते माझ्याकडं परत दिलं, हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि मला विचारलं, आता तोंड कुनीकडं करू?